माफीचा नारळ परत द्या

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. कधी, तेही सांगते. यंदाच्या रथसप्तमीला, दुपारी, आबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि पोस्टमननं अंगणातून हाक मारली, त्या घटकेला. एवढं नेमकं सांगायचं कारण, बायकांच्या अशा गोष्टी आपल्याकडं "असंल काहीतरी दोघींचं" म्हणून झटकून टाकतात. दोघींचं कसलं? एकीनं वकिलाकरवी नोटीस धाडली होती आणि दुसरीच्या पोटावर ती येऊन पडली होती.

मी त्या दिवशी सांगलीहून गावी आले होते. आमचं गाव आष्ट्याजवळ, सांगली जिल्ह्यातच. सांगलीत मी दुकानांत, दवाखान्यांत, क्लासेसमध्ये राबणाऱ्या बायांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, ती चौकात वाटते, मोर्चात घसा बसवून घरी येते. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. माझ्या कामाला ते "तुझं ते बोंबलायचं" म्हणतात. तर ते बोंबलायचं काम करणारी मीच नोटीस वाचायला बसले.

"मोठ्यानं वाच," आबा म्हणाले.

नोटीस अशी होती. वहिनी आष्ट्यातल्या एका ब्युटी पार्लरात पाच वर्षं कामाला होती. कामावर घेताना मालकिणीनं स्टॅम्पपेपरवर तिची सही घेतली होती, की नोकरी सोडल्यावर तीन वर्षं मी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पार्लरचा धंदा करणार नाही, मालकिणीच्या गिऱ्हाइकांना भेटणार नाही, त्यांना फोन करणार नाही, त्यांचं काम घेणार नाही. तरीही तिनं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर थाटलं. आणि वर "संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा बहाणा करून आमच्या अशिलाच्या गिऱ्हाइकांना जमवले व भेटवस्तू वाटून त्यांना फूस लावली." सबब पार्लर बंद करा, लेखी माफी द्या, नाहीतर दावा आणि नुकसानभरपाई.

भेटवस्तू म्हणजे कंगवा. वाणाचा प्लास्टिकचा कंगवा. मीच सांगलीतनं घाऊक आणले होते.

वहिनी तव्यावरची भाकरी तशीच सोडून बाहेर आली. "म्हंजी सासरी बी धंदा करायचा न्हाई, आन् म्हायेरी बी न्हाई?"

तिचं माहेर म्हसवड. सातारा जिल्हा. कागद लिहिणाऱ्यानं एका ओळीत बाईची दोन्ही घरं बंद करून टाकली होती.

"मग जाऊ कुटं, वन्सं? अथणीला? तितं काढते पार्लर. कानडी शिकते."

हसून बोलली ती. पण आत भाकरी करपली आणि तिला वाससुद्धा आला नाही.

ती पुढची खोली काय होती, ते आधी सांगायला हवं. माझा दादा फौजेत आहे. गेल्या वर्षी बऱ्याच महिन्यांनी त्याला साठ दिवसांची सुट्टी मिळाली आणि ती नेमकी लगीनसराईत आली. वहिनीनं मालकिणीकडं चार दिवस रजा मागितली. मालकीणबाई आरशासमोर उभ्या राहून, इतर पोरींच्या देखत म्हणाल्या, "तुझ्या एका नवऱ्यासाठी माझ्या चार नवऱ्या थांबवू काय गं?" पोरी हसल्या. वहिनी हसली नाही. तिनं महिनाभर आधी सांगून, शेवटच्या दिवसापर्यंत इमानानं काम करून नोकरी सोडली. उरलेल्या सुट्टीत दादानं पुढच्या खोलीतली खताची पोती मागच्या छपरात हलवली, भिंतींना पिस्ता रंग दिला आणि आरसा ठोकला. तो आरसा जरा तिरका बसलाय. तेवढा तिरपेपणा ठेवून दादा परत युनिटला गेला. वहिनीनं खुर्ची आणली, दिवा आणला आणि दारावर नुसतं "पार्लर" असं लिहून घेतलं. गिऱ्हाइकं आपली आपण आली. का येणार नाहीत? पाच वर्षं ज्या हातानं त्यांच्या भुवया कोरल्या, खोपे घातले, नऊवाऱ्या नेसवल्या, तो हात आता आमच्या घरात होता.

आबांनी ताट बाजूला सारलं. "सही केलीस का तू?"

"केली, आबा. समद्याच पोरींनी केली. वाचाया कुनी दिली न्हवती."

"सही केली म्हंजी शब्द दिला. आता त्यात काय न्हाई."

"आबा, असला शब्द कोण मागतं का?" मी म्हणाले.

"मागितला का न्हाई त्याचा इचार सहीच्या आदी करायचा. तू मधी बोलू नगंस. हितं मोर्चा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून, पिशवीत नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आष्ट्याला गेले. मला कळलं तेव्हा एसटी फाट्यावरून सुटली होती.

नारळाचं आमच्याकडं असं आहे. बांधाचं भांडण असो, सोयरिकीतलं रुसणं असो, घरातला मोठा माणूस नारळ घेऊन समोरच्याच्या दारात जातो. समोरच्यानं नारळ घेतला की विषय मिटला. नारळ घेऊन पुन्हा तोच विषय काढणारा माणूस आमच्या भागात हलका समजला जातो. आबांना वाटलं, हवालदारानं टोपी घालून नारळ पुढं केला, बाई नारळ घेईल, "जाऊ द्या हवालदार, पोरीला करू द्या काम" म्हणेल. मालकिणीनं नारळ घेतला, चहा पाजला. आबा खुशीत घरी आले. "मिटलं," म्हणाले. "उगं वकिलाच्या पायऱ्या चढायला निगाली व्हतीस."

संध्याकाळी मालकिणीच्या भाच्यानं पार्लरच्या गिऱ्हाईक बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. आमच्याकडच्या एका माजी कामगार महिलेच्या सासऱ्यांनी स्वतः येऊन चूक कबूल केली आहे, तिचं पार्लर बंद होत आहे, तिच्याकडं बुकिंग केलेल्या नवऱ्यांनी आमच्याशी संपर्क साधावा. खाली हात जोडलेले, फुलाची दोन चित्रं.

मी तो आबांना वाचून दाखवला. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला.

"नारळ घेतला ना तिनं?"

"घेतला, आबा. तुम्हीच दिला."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला चीड यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाची कणव आली. त्यानं आयुष्यभर ज्या नाण्यावर विश्वास ठेवला, ते नाणं समोरच्या बाईनं वाजवूनसुद्धा न बघता गल्ल्यात टाकलं होतं.

लगेच शिराळ्याहून फोन आला. तिथल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीचं सगळं काम वहिनीनं घेतलं होतं, तिचं स्वतःचं असं पहिलं मोठं काम. फोनवर मुलीची आई होती. "बाई, तुमी आला तर लग्नात पोलीस येत्याल म्हनं. खरं हाय का? तसं असंल तर आमचं आमी बगतो, गड्या."

वहिनीनं फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जाऊन आरशावर जुनी साडी टाकली. घरात कुणी मेलं की टाकतात तशी.

तेव्हा माझं डोकं फिरलं. आजवर दुसऱ्यांच्या घरातल्या बायांसाठी मी शंभर वेळा ओरडले असेन. माझ्या घरात आरसा झाकला गेला होता. मी ती साडी ओढून काढली. "उद्या सांगलीला चला. दोघंही," म्हणाले.

बायकांना कोर्टातून मोफत वकील मिळतो. कमाई किती, जमीन किती, कुणी विचारत नाही. बाई आहे एवढं पुरतं. हे मी कित्येक पत्रकांत लिहिलंय. घरच्या माणसासाठी पहिल्यांदाच वापरलं. आम्हाला मिळालेल्या वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, समोर अर्धा खाल्लेला वडा. त्यांनी नोटीस वाचली, स्टॅम्पपेपरची प्रत वाचली आणि वहिनीकडं बघितलं.

"मी विचारते, तू खरं सांग. पार्लरचं रजिस्टर उचलून आणलंस?"

"न्हाई."

"त्याचे फोटो काढलेस? मालकिणीच्या फोनमधले नंबर घेतलेस?"

"नंबर कशाला? माजं काम आवडलंय त्या ईत्यात. न आवडलेल्या तितंच हायत."

"दारावर तिच्या पार्लरचं नाव लावलंस? तिची शाखा आहे असं कुणाला सांगितलंस?"

"माजं सोताचं नाव बी लावलं न्हाई."

"तिच्याकडं नोकरीला असताना घरी कुणाचं काम केलंस?"

वहिनी अडखळली. माझ्याकडं बोट केलं. "ह्यांच्या भुवया केल्या. फुकट."

"तेवढं कोर्ट पोटात घालेल," वकीलबाई म्हणाल्या. "आता ऐका. भारतीय करार कायदा, कलम सत्तावीस. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करायला बंदी घालणारा करार त्या बंदीपुरता रद्दबातल. फक्त एक अपवाद आहे. कुणी आपला चालता धंदा नावलौकिकासकट विकला, तर विकणाऱ्यावर तेवढ्या भागात वाजवी बंदी घालता येते. हिनं धंदा विकला का? हिनं नोकरी केली. नोकरीत असताना मालकाशी इमान हवं, ते हिनं राखलं. नोकरी सुटली, बंदी सुटली. मालकिणीची कागदपत्रं चोरली असती, तिच्या नावावर गिऱ्हाईक ओढलं असतं, खोटीनाटी बदनामी केली असती, तर मीच हिला झापलं असतं. त्यातलं काही नाही. मग ही त्याच बायकांच्या भुवया कोरेल, त्यांच्या मुलींना नटवेल आणि हवं तर दारात उभी राहून 'या माझ्याकडं' म्हणेल."

आबा खुर्चीत पुढं सरकले. "पन बाईसाहेब, सही खरी हाय."

"खरी आहे."

"मग सही करून फिरायचं? आमी फौजेत असलं शिकलो न्हाई."

वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला. "हवालदार, शेती किती?"

"थोडी हाय. ऊस हाय."

"उद्या साखर कारखान्याचा चिटबॉय आला, ऊस नोंदवून घेताना एका कागदावर तुमची सही घेतली आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं, की कारखाना सोडला तर तीन वर्षं दोन जिल्ह्यांत मी कुठंच ऊस लावणार नाही. पाळाल?"

"ह्या! माज्या रानात मी काय लावायचं ते तो कोन सांगनार?"

"हे हिचे हात आहेत, ते हिचं रान आहे."

आबांनी वहिनीच्या हातांकडं बघितलं. मेंदीनं बोटांची टोकं कायमची तांबडी झालेली. खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली, हे मी पाहिलं.

"आणि हे हळदीकुंकू काय आहे?" वकीलबाईंनी विचारलं. "फूस कुणाकुणाला लावलीस?"

"दरसाल करते मी. गल्लीतल्या, पावण्यातल्या, वळकीच्या समद्या बाया ईत्यात. औंदा मालकीणबाई बी आल्त्या."

वकीलबाईंचा वडा हातातच राहिला. "कोण आलं होतं?"

"मालकीणबाई. पयल्या सतरंजीवर बसल्या. दोन कंगवं नेलं, एक सुनंसाठी."

कोर्टातल्या त्या जुन्या खोलीत बाजूच्या टेबलावरचे वकीलसुद्धा वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं आमच्या बाई हसल्या. नोटिशीचं उत्तर त्यांनी तिथंच सांगितलं आणि लिहून घेतलं. त्यात कलम सत्तावीस होतं, इमानाची नोकरी होती, आणि शेवटी एक ओळ होती जी मी जपून ठेवलीय: आपल्या अशील सदर कार्यक्रमास स्वतः हजर होत्या व त्यांनी सदर भेटवस्तू दोन नग स्वीकारल्या, फूस लागली असल्यास ती त्यांनाही लागली असावी.

मी तिथूनच शिराळ्याला फोन लावला. मुलीच्या आईला पाच मिनिटांत सगळं समजावलं. फौजदारी नाही, गुन्हा नाही, पोलिसांचा संबंधच नाही. "तुमची खात्री हाय?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत आबांनी फोन ओढून घेतला. "ताई, मी पोरीचा सासरा बोलतोय. तिला मी सोता घिऊन येतो. कोन आडवतंय, बगू."

आणि घेऊन आले. लग्नाच्या सकाळी आबांनी शेजाऱ्याची जीप मागून आणली, पुढं स्वतः बसले, मागं आम्ही दोघी आणि वहिनीची पेटी. कार्यालयात पोचल्यावर नवरीच्या खोलीच्या दाराबाहेर त्यांनी प्लास्टिकची खुर्ची टाकली, टोपी घातली आणि गेटवर पहारा द्यावा तसे बसले. आत वहिनीचं काम सुरू झालं. नवरीच्या मावश्या, माम्या, करवल्या सगळ्या आत. कुणाच्या पिना हरवल्यात, कुणाला गजरा कमी पडलाय.

एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता, तेव्हा बाहेर आवाज चढला. मालकीणबाई आल्या होत्या, सोबत तो फुलांचा भाचा. नवऱ्याकडच्यांनी त्यांना आमंत्रण दिलं होतं, म्हणजे यायला हक्काच्या. त्या सरळ दारात आल्या.

"हवालदार, चूक कबूल करून गेलात ना? मग ही इथं काय करतीय? ही नवरी माझी गिऱ्हाईक आहे. हिच्या आईच्या, मावशीच्या भुवया माझ्याकडं होतात."

तशी आरशासमोरची नवरी, एक डोळा रंगवलेला आणि एक साधा, अशी वळली आणि म्हणाली, "आवं मावशी, मी कुणाची गिऱ्हाईक-बिऱ्हाईक न्हाई. मला ह्यांच्याकडनं करून घ्यायचंय. मला इचारा की!"

"आन् माज्या भुवया कवा तुमच्या नावावर झाल्या?" तिची मावशी आतून ओरडली. "सातबारा काडलाय व्हय त्येंचा?"

खोली फुटली. करवल्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. भाचा काहीतरी "करार, करार" म्हणत होता. मी पुढं झाले, उत्तराची प्रत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "कलम सत्तावीस. मोठ्यानं वाच. आमच्या आबांना मोठ्यानं वाचलेलं आवडतं." त्यानं वाचलं नाही. मनात वाचलं. कंगव्याच्या ओळीवर आला तेव्हा त्यानं आत्याकडं बघितलं, ते मला दिसलं.

मग आबा उठले. मला वाटलं, आता रागावणार. ते अगदी शांत बोलले.

"बाई, सही म्हंजी शब्द, हे माज्या घरात मीच शिकवलं. पन तुमी शब्द मागितला न्हवता. तुमी पोरीचं हात मागितलं. ते द्यायचे नसत्यात. आन् मी नारळ आनला व्हता, तो माफीचा. आता कळलं, माफी मागन्याजोगं काय न्हवतंच. माजा नारळ परत द्या."

मालकीणबाई गोंधळल्या. "नारळ? तो... तो त्याच दिवशी फोडला की."

"मग पचला का?" मावशीनं आतून विचारलं.

त्यानंतर तिथं कुणी गंभीर राहणं शक्य नव्हतं. मालकीणबाई अक्षता पडेपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत. वहिनीनं नवरीचा दुसरा डोळा केला. हात जराही हलला नाही तिचा. नवरी बोहल्यावर उभी राहिली तेव्हा सगळ्या मांडवानं मान वळवली, आणि मी सांगते, त्या दिवशी शिराळ्यात वहिनीनं नटवलेल्या त्या चेहऱ्याइतकं देखणं दुसरं काही नव्हतं.

दावा कधीच आला नाही. येणार कुठून? व्हॉट्सॲपवरचा मेसेज गुपचूप काढून टाकला गेला. पुढच्या आठवड्यात आबा आष्ट्याच्या बाजारातून आले आणि पिशवीतून एक नारळ काढून पुढच्या खोलीत आरशाखाली ठेवला. "हा पार्लरच्या पूजेचा. मागल्या टायमाला करायची ऱ्हायली." वहिनी म्हणाली, "आबा, आरसा बी सरळ करा की जरा." आबा म्हणाले, "त्यो दादा यील तवा करंल. त्याचंच काम हाय ते."

त्याच आठवड्यात जुन्या पार्लरमधल्या दोन पोरी आमच्या दारात आल्या. त्यांनीही तसल्याच कागदावर सह्या केल्यात. एकीला कराडला पार्लर काढायचंय. मी त्यांना बसवून घेतलं, सगळं समजावलं आणि पत्रक लिहिलं. ते आष्टा, शिराळा आणि म्हसवडच्या स्टँडवर मी स्वतः वाटलं. म्हसवडला वहिनी सोबत होती. माहेरच्या स्टँडवर उभी राहून तिनं ते बायकांच्या हातात ठेवलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "माजंच हाय हे, वाचा."

आता तुम्ही. तुमच्या दुकानात, पार्लरात, क्लासमध्ये, दवाखान्यात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाकडून तुम्ही असा कागद लिहून घेतला असेल, की इथून गेल्यावर तू हा धंदा करायचा नाहीस, तर तो तुमच्या कपाटात आहे. तुम्हाला ठाऊक आहे कुठल्या कप्प्यात. उठा. तो काढा, ज्याची सही आहे त्याला बोलवा, त्याच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर म्हणा, "फाड." उद्या नको. हे वाचून झालं की लगेच.